थ्रो आपला, बॉल त्यांचा

पेठकर (कोल्हापूर):

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

पेठेतल्या अकरा ते तेरा वयाच्या पोरांना गेली चार वर्षं सकाळी सहाला फुटबॉल शिकवतोय. कसलं सर्टिफिकेट वगैरे नाही माझ्याकडे. तालमीच्या टीमकडून राईट बॅक खेळायचो, गुडघा गेला, घरी बसवेना म्हणून हे. पोरं सव्वीस, बॉल अकरा, त्यातले दोन पेरूच्या आकाराचे.

गेल्या महिन्यात शालेय स्पर्धेच्या आधी शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेशी फ्रेंडली मॅच खेळलो. दोन-शून्य हरलो. हरण्याचं काही नाही, पण दोन्ही गोल आमच्याच थ्रोवरून (बॉल बाजूच्या लाईनबाहेर गेला की हातानं आत टाकतात तो) आमच्यावर झाले. घरी येऊन एका पालकानं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ लावला आणि वहीत रेघा ओढत बसलो. आम्हाला थ्रो मिळाले तेवीस. तीन फाऊल गेले. उरलेल्या वीसांत दोन टचनंतरही बॉल आमच्याकडे टिकला तो सहा वेळा. म्हणजे लाईनमननं आमच्या बाजूनं झेंडा दाखवला की समोरच्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नव्हती.

दुसरा गोल मी दहा वेळा तरी बघितला असेल. आमचा लेफ्ट बॅक, त्याला आम्ही बारक्या म्हणतो, बॉल घेऊन लाईनवर उभा. आमचीच चार पोरं त्याच्यासमोर चार हातांवर कोंडाळं करून उभी, भंडाऱ्यात पंगत बसायची वाट बघतात तशी. चौघं एकदम ओरडतायत, "हिकडं टाक, हिकडं!" प्रत्येकाच्या पाठीला समोरच्यांचा एकेक पोरगा चिकटलेला. बारक्या बॉल डोक्यामागं नेतो, थांबतो, पुढं आणतो, परत मागं नेतो. मग व्हिडिओत माझा आवाज येतो: "टाक की लेका लवकर!" तो दचकतो आणि लाईनच्या कडेनं पुढं भिरकावून देतो, जिथं आमचं चिटपाखरू नाही. त्यांच्या बॅकनं उचलला, दोन पास, गोल. बारक्या अजून लाईनच्या बाहेरच. हात कमरेवर.

चार वर्षांत मी या पोरांना थ्रोबद्दल काय शिकवलं ते आठवून बघितलं. "पाय उचलू नको." संपलं. कॉर्नरवर आठवड्याला अर्धा तास घालवतो, आणि कॉर्नर मॅचला चार मिळाले तर खूप.

तर जाणकारांनो, या वयाच्या पोरांना थ्रो कसा शिकवायचा? पुस्तकी नको. माझ्याकडे अर्धं मैदान, दीड तास आणि सव्वीस पोरं आहेत, एवढं धरून सांगा.


उगाचच:

क्रिकेट शिकवा. तिथं थ्रोवर विकेट मिळते.


शिट्टीवाला (पुणे):

पेठकर, तुमचे तीन फाऊल थ्रो आधी मिटवू, कारण ते फुकटचं नुकसान आहे. गेली अकरा वर्षं शालेय सामन्यांना शिट्टी फुंकतोय, आणि माझ्या पाहण्यात निम्मे फाऊल थ्रो हे कोचच्या भीतीतून येतात.

"पाय उचलू नको" असं दहादा सांगितलं की पोरगं दोन्ही पाय जोडून, गुडघे ताठ करून, नमस्काराला उभं राहिल्यासारखं उभं राहतं. मग ताकद कुठून येणार? ती आणायला तो टाचांवरून उडी मारतो आणि पाय सुटतात. नियम एवढंच म्हणतो की बॉल सुटताना दोन्ही पावलांचा काही ना काही भाग लाईनवर किंवा लाईनबाहेरच्या जमिनीवर टेकलेला हवा. एक पाय पुढे, एक मागे चालतो. मागच्या पायाचा अंगठा घासत आला तरी चालतो. टाच उचलली तरी चालते. दोन्ही पाय एका रेषेत हवेत हे कुठंही लिहिलेलं नाही, तरी बाहेर उभे असलेले काका माझ्या नावानं ओरडतात ते ओरडतातच.

तोंड मैदानाकडे, बॉल दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून सुरू होऊन डोक्यावरून. बॉल फिरत गेला म्हणजे एका हातानं टाकला असं नाही. फिरकीबद्दल नियमात अवाक्षर नाही. मुलांचा खरा फाऊल बहुतेकदा वेगळाच असतो: समोर दोन हातांवर मित्र दिसला की बॉल डोक्याच्या मागे जातच नाही, कपाळापासूनच खाली टाकून देतात. म्हणजे जवळचा थ्रो जास्त शिकवायला हवा, लांबचा नव्हे.

आता एक गोष्ट जी तुमच्या पोरांना नक्की माहीत नसणार, आणि माझ्या अनुभवात निम्म्या कोचनाही नसते. थेट थ्रोवर ऑफसाईड नसतो. स्ट्रायकर त्यांच्या शेवटच्या बॅकच्या मागे जाऊन उभा राहिला तरी मी झेंडा मागणार नाही. बारा वर्षांच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे बघा कसे होतात.

आणि समोरचा खेळाडू टाकणाऱ्यापासून दोन मीटर तरी लांब हवा. नाचत पुढ्यात आला तर टाकणाऱ्यानं थांबून माझ्याकडे बघावं, भांडू नये.


मिरजेचा स्टॉपर:

शिट्टीवाल्यांशी सहमत, पण मूळ इलाज सोपा आहे. एक दांडगा पोरगा शोधा आणि त्याला लांब थ्रो शिकवा. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत टाकायचा, सगळ्यांनी तुटून पडायचं.

इंग्लंडमधल्या स्टोक सिटीचा रोरी डेलॅप विसरलात का? शाळेत असताना भालाफेकीत चमकलेला माणूस. 2008 साली स्टोक प्रीमियर लीगमध्ये आले, नोव्हेंबरमध्ये आर्सेनलला 2-1 हरवलं, आणि दोन्ही गोल डेलॅपच्या थ्रोवरून. थ्रो मिळाला की टॉवेलनं बॉल पुसायचा, कपाळावरून सपाट फेकायचा. आर्सेनलचा कोच वेंगर, त्याच्यासारखा माणूस हैराण झाला होता. 2016 च्या युरो कपात आईसलँडनं इंग्लंडला घरी पाठवलं, त्यातला पहिला गोल आठवा: कर्णधार गुनारसनचा लांब थ्रो, एकानं डोक्यानं मागे वळवला, दुसऱ्यानं आत घातला. इंग्लंडच्या रूनीच्या पेनल्टीनंतर दोन मिनिटांत बरोबरी. आणि आता तर प्रीमियर लीगमध्ये परत सगळे लांब थ्रो टाकायला लागलेत.

आमच्या वेळी मिरजेत रेल्वेच्या टीममध्ये एक जण होता, अर्ध्या लाईनवरून डीमध्ये टाकायचा. त्याच्यासाठी लोक मॅच बघायला यायचे.


पेठकर:

स्टॉपरसाहेब, तो मोह मलाही झाला होता. आमच्यात एक पैलवानाचा पोरगा आहे, तेराव्या वर्षी माझ्या खांद्याला लागतो. तो टाकतो लांब. पण बाकीच्या पंचवीस जणांनी काय करायचं, त्याला थ्रोवर नेऊन पोचवायचं का? एकदा करून बघितलं. लेफ्टला थ्रो मिळाला की हा राईटहून चालत यायचा, तोवर समोरची टीम पाणी पिऊन, बूट बांधून, माणूस धरून तयार. शिवाय लांब टाकला की हेडर. आमच्या पोरांचं हेडर म्हणजे डोळे मिटून मान आत घेणं.


दूरदेशी (न्यू जर्सी):

हेडरचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी फुटबॉलमधली नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची, इथे 'सॉकर' खेळते, आणि दर शनिवारी घडीची खुर्ची घेऊन मी लाईनवर.

इथे अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगला बंदी आहे. 2015 मध्ये ठरलं, डोक्याला होणाऱ्या इजांवरून खटला झाला होता त्यानंतर. अकरा ते तेरा वयात सरावात हेडिंग करता येतं, पण मोजून मापून. त्यामुळे लांब उंच थ्रो टाकून उपयोगच नाही. परिणाम असा की कोच मुलींना पहिल्यापासून पायात थ्रो टाकायला शिकवतात. हिच्या पहिल्या वर्षी तर आमच्या लीगमध्ये फाऊल थ्रो झाला की रेफरी जवळ यायचा, हात धरून दाखवायचा आणि परत टाकायला लावायचा. हात धरून!

मुलीच्या कोचनं एक गंमत केली होती. घरी भिंतीसमोर उभं राहून दोन हातांनी बॉल टाकायचा आणि उडून आला की पायाच्या आतल्या बाजूनं परत भिंतीला. आमच्या गॅरेजच्या दाराची वाट लागली, पण मुलगी शिकली.


शिट्टीवाला:

दूरदेशी, इंग्लंडमध्येही 2020 पासून प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये अशी मार्गदर्शक सूचना आहे. आपल्याकडे पालक अजून "डोकं लाव, डोकं!" असं ओरडतात.

अवांतर: हात धरून शिकवायला मला आवडेल. वीस मिनिटांच्या हाफच्या चार मॅचेस सकाळपासून लागोपाठ असतात, तेव्हा फक्त शिट्टी.


सासष्टीकार (मडगाव):

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज हात शिवशिवले.

पेठकर, तुमच्या वहीतल्या रेघा बरोबर जागी पडल्यात, पण तुम्ही बघताय बारक्याकडे. बारक्याचा काही दोष नाही. व्हिडिओ परत लावा आणि त्या चौघांकडे बघा.

आधी साधा हिशेब. थ्रोच्या वेळी मैदानात त्यांचे अकरा, आपले दहा, कारण आपला एक लाईनबाहेर. म्हणजे त्या क्षणी आपण एकानं कमी. पण बॉल सुटला की बाहेरचा आत येतो, आणि त्याला कुणीच धरलेलं नसतं. मैदानावरचा सगळ्यात मोकळा माणूस थ्रो टाकणारा असतो. मुलं नेमकी त्यालाच विसरतात, आणि तो स्वतःलाही विसरतो. कमरेवर हात, तुम्हीच लिहिलंत.

लहानपणी आम्ही भातकापणी झाल्यावर शेतात खेळायचो. लाईन नसायची, मेर हीच लाईन. तुमच्याकडे बांध म्हणतात ते. थ्रो मेरेवर उभं राहून टाकायचा, म्हणजे टाकणारा दीड हात उंच. वरून त्याला सगळं शेत दिसायचं, आणि टाकून झाल्यावर तो आपसूक खाली उडी मारायचा. आत येणं शिकवावं लागायचं नाही. पुढे खऱ्या मैदानावर गेलो तेव्हा कळलं की सपाट जमिनीवर पोरं थ्रो टाकून बाहेरच राहतात. आता मी शिकवतो तेव्हा पहिला नियम तोच: बॉल हातातून सुटला की पाय आत.

दुसरं, त्या कोंडाळ्याचं. थ्रो मागायला जवळ जाणं चूक नाही. आधीच जवळ जाऊन उभं राहणं चूक आहे. जिथं बॉल हवाय ती जागा रिकामी ठेवायची आणि बॉल डोक्यामागं गेला की तिच्यात शिरायचं. मी मुलांना सांगतो, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तशी जागा धरायची नाही. धरली की दुसराही येऊन बसतो. टाकणाऱ्यासमोरचा आठ-दहा पावलांचा तुकडा मी चुन्यानं आखतो आणि सांगतो, बॉल डोक्यामागं जाईपर्यंत यात आपला कुणी नको. पहिले दोन दिवस मुलं वैतागतात. तिसऱ्या दिवशी त्यांना कळतं की आपण बाहेर राहिलो की समोरचाही बाहेर राहतो.

मग दोघांची अदलाबदल. एक लाईनच्या कडेनं पुढे उभा, एक आत मधल्या बाजूला. पुढचा थ्रोकडे पळत येतो, त्याच्या पाठीचा मार्कर त्याच्यामागे येतो, आणि त्यानं सोडलेल्या जागेत मधला पळतो. टाकणाऱ्यानं दोघांपैकी जो मोकळा दिसेल त्याला द्यायचा. एवढीच एक चाल पोरांना पाठ झाली तरी वर्ष निघतं. दहा चाली शिकवू नका. आकडे ओरडून चाली सांगणारे कोच मी पाहिलेत, पोरं आकडाच विसरतात.

आणि ओरडणं बंद. "मला, मला" हे समोरच्यालाही ऐकू येतं. हवा असेल तर हातानं दाखव, नाही तर पळ. पळणं हीच खूण.

आता टाकण्याबद्दल. मुलांचा थ्रो नेमका गुडघ्यावर उसळतो, आणि गुडघ्याएवढा उसळणारा बॉल मोठ्यांनाही आवरत नाही. एक तर पायात पडला पाहिजे, नाही तर छातीवर. त्यासाठी जोड्या लावा, सहा पावलांवर. एकानं पायात टाकायचा, दुसऱ्यानं पायाच्या आतल्या बाजूनं, जमिनीला न लावता, टाकणाऱ्याच्या हातात परत. वीस झाले की अदलाबदल. मॅचमध्येही हाच पहिला पर्याय: येणाऱ्याच्या पाठीवर माणूस असतो, त्याला वळता येत नाही, मग वळायचं कशाला? आत आलेल्या टाकणाऱ्याला परत दे. तो मोकळा, त्याचं तोंड गोलकडे. दूरदेशींच्या गॅरेजचं दार हेच काम करत होतं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित: मागे बघणं. थ्रो मिळाला की सगळ्यांचं तोंड पुढे. मागे स्टॉपर किंवा मधल्या फळीतला हाफ एकटा उभा असतो, सगळं मैदान त्याच्यासमोर, पण त्याला कुणी देत नाही, कारण बाहेरून पालक "पुढं, पुढं" ओरडतात. त्याला द्या आणि बॉल दुसऱ्या बाजूला न्या. सगळी गर्दी या बाजूला जमलेली असते, पलीकडे रान मोकळं. फक्त आपल्या गोलजवळ हे जपून.


मिरजेचा स्टॉपर:

सासष्टीकार, कागदावर छान आहे हो. पण मागे टाकणं म्हणजे भित्रेपणा.


सासष्टीकार:

मग लिव्हरपूल भित्रे ठरतात. 2018 मध्ये त्यांच्या तेव्हाच्या कोचनं, क्लॉपनं, थॉमस ग्रोनेमार्क नावाच्या डॅनिश माणसाला फक्त थ्रो शिकवायला बोलावलं. हसले होते लोक तेव्हा, थ्रोला कोच कशाला म्हणून. गंमत म्हणजे हा स्वतः तेव्हा लांब थ्रोचा विश्वविक्रमवीर, कोलांटी मारून 51.33 मीटर टाकलेला. पण लिव्हरपूलला त्यानं शिकवलं ते मुख्यतः बॉल टिकवणं: कुणी कुठं पळायचं, जागा कशी उघडायची, पटकन कधी टाकायचा. समोरच्यांचा दबाव असताना थ्रोवर बॉल टिकवण्यात लिव्हरपूल लीगमध्ये अठरावे होते, वर्षभरात पहिले झाले. 2019 ला चॅम्पियन्स लीग आणि 2020 ला लीग जिंकली ती काही थ्रोमुळे नव्हे, पण मोठ्यांच्या मॅचला चाळीस-पन्नास थ्रो होतात. एवढ्या वेळा बॉल घालवून कुणी जिंकत नाही.

लांब थ्रो वाईट असं मी म्हणत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी शिकवा की.


उगाचच:

कोलांटी मारून थ्रो?? हे आधी सांगायचं ना. पोरं उद्यापासून रोज येतील.


शिट्टीवाला:

नका हो. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये इराणच्या मिलाद मोहम्मदीनं स्पेनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला कोलांटी मारली, बॉल टाकलाच नाही, उठून साधा थ्रो केला. त्यानंतरच्या महिनाभरात माझ्यासमोर तीन पोरं पाठीवर आपटली आहेत.

सासष्टीकारांच्या "आपल्या गोलजवळ जपून" ला एक पुरवणी. आपल्याच माणसाचा थ्रो गोलीनं हातात घ्यायचा नाही. घेतला तर तिथेच इनडायरेक्ट फ्री किक. आपल्याच माणसानं पायानं दिलेल्या बॅकपासला गोलीनं हात लावायचा नाही हे मुलांना माहीत असतं, थ्रोचं माहीत नसतं. 2002 च्या सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या डर्बीत ॲस्टन व्हिलाच्या मेलबर्गनं आपल्या गोलीला, एन्केलमनला, साधा थ्रो दिला. तो पायानं अडवायला गेला, बॉल बुटाखालून निसटून गोलमध्ये. आता थ्रो थेट आपल्याच गोलमध्ये गेला तर गोल नसतो, समोरच्यांना कॉर्नर मिळतो. म्हणजे बुटाचा स्पर्श झाला तर गोल, नाही झाला तर कॉर्नर. रेफरीनं गोल दिला. एन्केलमन स्पर्श झालाच नाही म्हणत राहिला. आम्हा रेफरी लोकांत त्यावर अजून वाद होतात, चहाच्या दोन फेऱ्या निघतात.

त्यांच्या गोलमध्ये थेट थ्रो गेला तरी गोल नाही, गोलकिक. हे माहीत असूनही पैलवानाचा पोरगा एकदा तरी प्रयत्न करणार, लिहून ठेवा.


पेठकर:

सगळ्यांचे आभार. सासष्टीकार, तुमचा प्रतिसाद छापून तालमीत लावलाय, व्यायामाच्या तक्त्याशेजारी.

दोन आठवड्यांचा हिशेब देतो.

चुना पहिल्याच दिवशी पावसानं धुऊन नेला, म्हणून शंकू लावले. पहिले दोन दिवस निव्वळ गोंधळ. रिकामी जागा ठेवा म्हटलं की पोरं इतकी लांब गेली की थ्रो पोचेना. मग मीच लाईनवर उभा राहिलो, बॉल डोक्यामागं नेला आणि तसाच धरून ठेवला, कुणी तरी पळेपर्यंत. अर्धं मिनिट शांतता. मग एक पोरगं कंटाळून पळत सुटलं, मी त्याच्या पायात टाकला, आणि बाकीच्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंडानं सांगत राहिलो असतो तर आठवडा गेला असता.

खेळ लावलाय तो असा: लाईनला लागून साधारण पंधरा बाय दहा पावलांची चौकट, आत आपले तीन, त्यांचे तीन, आणि एक आपला टाकणारा बाहेर. थ्रोनंतर सलग तीन पास झाले की एक पॉईंट. टाकणारा आत आला नाही तर पॉईंट धरायचा नाही. ही शेवटची अट घातल्यावर बारक्याला इतका जोर आला की बॉल सुटायच्या आधीच आत येऊन दोन फाऊल केले. चालायचंच. पूर्वी बाहेर राहायचा, आता बाहेर राहवत नाही.

बॉलचंही एक सांगतो. या वयाला चार नंबरचा बॉल, तीनशे पन्नास ते तीनशे नव्वद ग्रॅमचा. आम्ही देणगीत आलेल्या पाच नंबरच्या बॉलवर सराव करत होतो. बारक्या पोरांचे तळवे त्याच्यामागं पोचतच नव्हते, म्हणून ती बाजूनं धरायची आणि एका हातानं ढकलायची. बॉल बदलल्यावर निम्मं काम झालं. बोटं मागे पसरून, दोन्ही अंगठे जवळ जवळ, एवढं सांगितलं की बास.

शिट्टीवाले, ऑफसाईडचं सांगितलं तेव्हा खरोखर डोळे मोठे झाले. लगेच एकानं विचारलं, "सर, म्हंजे गोलीच्या बाजूला जाऊन हुभारलं तरी चालतंय?" चालतंय म्हटलं. आता आमचा स्ट्रायकर प्रत्येक थ्रोला गोलीशी गप्पा मारायला जातो. त्याला समजवायला आणखी दोन दिवस लागतील.


दूरदेशी:

पटकन टाकायचं शिकवलंत का? मुलीच्या टीममध्ये नियम आहे, बॉलजवळ जो असेल त्यानंच घ्यायचा, बॅकची वाट बघायची नाही.


पेठकर:

शिकवतोय. पण आमच्या मैदानाच्या एका बाजूला गटार आहे. बॉल त्यात गेला की काढून, झाडाच्या पाल्यानं पुसून आणेपर्यंत समोरचे झोप काढून येतात. त्या बाजूचा थ्रो कायम सावकाश. दुसऱ्या बाजूला भिंत आहे, बॉल उडून लगेच हातात येतो, तिथं मात्र पोरं आता पटापट टाकतात. समोरचे रेफरीशी "आपला की त्यांचा" वाद घालत असतात तेवढ्यात आमचे दोन पास झालेले असतात. शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या मॅचला बॉल प्रेक्षकांत गेला की तो परत यायला लागणारा वेळ कुणी आघाडीवर आहे यावर ठरतो, ते वेगळं शास्त्र.


मिरजेचा स्टॉपर:

पैलवानाच्या पोराला अगदीच वाया घालवू नका म्हणजे झालं.


पेठकर:

नाही घालवत. शेवटच्या पाच मिनिटांत एका गोलनं मागं असलो तर मुभा दिलीय. पण अट एक: आधी दोनदा लांब टाकल्यासारखं करून जवळ द्यायचा. सगळे डीमध्ये मागं सरकलेले असतात, जवळचा मोकळाच असतो. एवढं त्याला पटलंय. बापाला पटलेलं नाही.


पेठकर (तीन आठवड्यांनी):

काल त्याच शाळेशी परत खेळलो. एक-एक. वही घेऊनच बसलो होतो या वेळी, पालकाला व्हिडिओ काढायला लावला नाही. थ्रो एकोणीस, फाऊल एक, टिकले बारा. आमचा गोल थ्रोवरून नाही झाला, कॉर्नरवरून झाला. हसा आता.

पण एक प्रसंग सांगायचा राहिला, शिट्टीवाल्यांचं मत हवंय. दुसऱ्या हाफमध्ये बारक्याचा थ्रो होता. आमचे सगळे धरलेले. त्यांचा एक पोरगा बारक्यासमोर चार-पाच पावलांवर, पाठ करून, आमच्या हाफ खेळणाऱ्या पोराला धरून उभा. बारक्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, बॉल हळूच त्या पोराच्या पाठीवर टाकला, उडून आलेला स्वतःच घेतला आणि लाईनच्या कडेनं सुटला. मी हे शिकवलेलं नाही, देवाशपथ. रेफरीनं शिट्टी मारली आणि थ्रो त्यांना दिला. बरोबर का?


शिट्टीवाला:

चूक. टाकणाऱ्यानं लागोपाठ दोनदा खेळायचं नाही, पण मध्ये समोरच्याला लागला ना, मग घेऊ शकतो. मुद्दाम अंगावर टाकला तरी चालतो, फक्त बेफिकिरीनं किंवा जोरात मारलेला नको. म्हणून विचारतो, कितपत जोरात? आणि पाठीवरच लागला ना, डोक्यात नाही?


पेठकर:

पाठीवर. अगदी हळू, लाडू ठेवल्यासारखा. पण ते पोरगं रडायला लागलं.


शिट्टीवाला:

मग मीही शिट्टी मारली असती. नंतर रात्री झोप लागली नसती, ते वेगळं.